कवेलू उतरवून शिंगल्स: आधी हवेची वाट, मग छप्पर

धंतोलीतल्या एका जुन्या घराचं इंग्रजी कवेलूंचं (मंगलोरी कौलांचं) छप्पर उतरवून त्या जागी शिंगल्स, म्हणजे डांबरी पातळ पट्ट्या, घालण्याचं काम २२ मार्च २०२५ ला संपलं. त्यानंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहून झाल्यावर हे लिहायला घेतलं आहे. नागपुरात शिंगल्सचं काम करणारे थोडे आणि करून घेतलेले त्याहून थोडे. सुरुवातीचे दोन महिने नेमकं काय विचारायचं हेच समजत नव्हतं. हेच काम ज्यांच्यापुढे उभं आहे त्यांना निदान प्रश्न तरी बरोबर विचारता यावेत, म्हणून मापं, तारखा आणि खर्च जसे होते तसे मांडतो.

घर असं: भिंती ४० फूट बाय २८ फूट, दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर, आढं लांब बाजूने. सागवानी कैच्या आणि वासे, वाशांमधलं अंतर साधारण दोन फूट. खाली तक्तपोशी म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, आणि तक्तपोशी व कवेलू यांच्यामध्ये मोकळा माळा. पुढे आठ फुटांची छपरी.

छप्पर बदलावं लागलं त्याचं मोठं कारण वानरं. एक टोळी वरून गेली की पंधरा-वीस कवेलू फुटलेच. पूर्वी मृगाच्या आधी शाकारणी करून घेतली की पावसाळा निघायचा, पण आता कवेलू फेरणारे हातच सापडत नाहीत. जे आहेत त्यांच्याकडे महिनाभर वाट पाहावी लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जो पाऊस कोसळला त्यात तक्तपोशीतून चार ठिकाणी पाणी उतरलं. तरी निर्णय व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

पुन्हा कवेलूच घालावेत का, हा विचार बराच वेळ चालला. वासे ठणठणीत असतील, शाकारणारा माणूस हाताशी असेल आणि वानरांचा त्रास नसेल तर आजही माझं मत कवेलूंच्याच बाजूने पडेल. नागपूरच्या उन्हाला त्याच्याइतकं साधं उत्तर नाही. रंगीत पत्रा सगळ्यांत स्वस्त, पण पावसात घरात बोलणं ऐकू येत नाही. शिंगल म्हणजे काचतंतूंच्या जाळीवर डांबराचा थर आणि त्यावर सिरॅमिकचे बारीक दाणे. वानर उडी मारलं तरी फुटत नाही, आवाज करत नाही आणि वजनाला हलकी. या शेवटच्या गुणातच एक धोका आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

शिंगलचा रंग आणि नक्षी बघायच्या आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी होती. ती आम्हाला तिसऱ्या मिस्त्रीने सांगितली. कवेलूंचं छप्पर स्वतःच हवा खेळवतं. प्रत्येक सांध्यात फट असते, रिपांवर कवेलू उचललेले असल्याने खालून वारा फिरतो, तापलेली हवा कुठूनही निघून जाते. शिंगल्सना मात्र खाली सलग प्लायवूडची पाटणी लागते, तिच्यावर पाणी अडवणारा कागद, त्यावर शिंगल. एकही फट उरत नाही. म्हणजे जी वाट इतकी वर्षं आपोआप होती ती आपण आपल्या हाताने बुजवतो आणि ती पुन्हा मुद्दाम करून द्यावी लागते. २३ मे २०१३ ला या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात बंद माळा म्हणजे घराच्या डोक्यावर ठेवलेली भट्टीच.

पहिल्या दोघांनी दिलेल्या अंदाजपत्रकांत हवेचा विचार होता, पण उलटासुलटा. एकाने हिंगणा एमआयडीसीतल्या शेडवर असतात तसे वाऱ्याने फिरणारे चार टर्बो व्हेंटिलेटर सुचवले, खालून हवा येण्याची सोय शून्य. दुसऱ्याने आढ्यावर रिज व्हेंट (आढ्याच्या फटीवर बसणारी, गरम हवा बाहेर सोडणारी लांब टोपी), दोन टर्बो आणि त्रिकोणी भिंतीतली जुनी जाळीही तशीच ठेवायची, असं सगळंच एकत्र लिहून दिलं. तिसरा वयस्कर मिस्त्री माळ्यावर चढला, वळचणीपाशी हात घालून आला आणि म्हणाला, "भाऊ, गरम हवा वर जाते, पण तिले खालून रस्ता द्या ना. नाही तं वरचं भोक कायच्या कामाचं?" काम त्यालाच दिलं.

सगळं एकत्र का नको, हेही त्याच्याकडूनच नीट कळलं. हवा सगळ्यांत जवळची वाट धरते. आढ्यावर व्हेंट आहे आणि चार फुटांवर जाळी किंवा टर्बो आहे, तर व्हेंट जाळीतूनच हवा ओढणार. वळचणीकडची हवा जिथल्या तिथे तापत राहणार, शिवाय वादळी पावसात त्या जाळीतून पाणीही आत खेचलं जाणार. वर एकाच प्रकारचं तोंड ठेवायचं, खाली वळचणीला दुसरं, आणि मधली सगळी तोंडं बंद. त्रिकोणी भिंतीतल्या दोन्ही जाळ्या बाहेरून दिसायला तशाच ठेवून आतून सिमेंट बोर्डने बंद केल्या.

आता हिशेब. अमेरिकेच्या बांधकाम संहितेत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी निव्वळ मोकळी जागा हवेसाठी मागितली आहे. वर आणि खाली जवळपास निम्मी-निम्मी विभागणी असेल तर तीनशेवा भागही चालतो. आपला माळा १,१२० चौरस फूट. तीनशेवा भाग घेतला तर ५३८ चौरस इंच, दीडशेवा घेतला तर १,०७५. नागपूर असल्याने मोठा आकडा धरला: साधारण ५३८ वर, आणि खाली तेवढी किंवा जास्त. खालची जागा वरच्यापेक्षा कमी पडली तर व्हेंट तक्तपोशीच्या फटींतून खोलीतली हवा ओढायला लागतो, म्हणजे कूलरची गार हवा आढ्यातून बाहेर. निव्वळ मोकळी जागा म्हणजे भोकाचा आकार नव्हे, हेही लक्षात असू द्या. जाळीच्या तारा आणि पत्र्याची भोकं सोडून उरलेला भाग त्यातली बरीच जागा खातात. विकत घ्यायच्या वस्तूच्या पत्रकावर दर फुटाला किती चौरस इंच ते लिहिलेलं असतं, तोच आकडा धरायचा. आमच्या रिज व्हेंटला दर फुटाला १४ होते. आढं ४३ फूट, त्यातली दोन्ही टोकांची अडीच-अडीच फूट सोडून ३८ फूट, म्हणजे ५३२. वळचणीच्या खालच्या अंगाला भोकांची अ‍ॅल्युमिनियम पट्टी, दर फुटाला ९. दोन्ही बाजू मिळून ८० फूट, म्हणजे ७२०. बसलं.

छपराचं क्षेत्रफळ पायाच्या मापावरून काढू नका. आधी उतार मोजा: एक फूट लांबीची लेव्हल वाशाला टेकवून आडवी धरा आणि दुसऱ्या टोकापासून वाशापर्यंतची उभी उंची घ्या. मुख्य छपराला फुटाला ६ इंच निघाली. वळचणीचे दोन फूट धरून आडवं अंतर १६ फूट, उतारावर ते १७.९ फूट होतं. दोन्ही पाखी मिळून १,५३९ चौरस फूट, तुटफूट आणि आढ्याच्या टोप्या धरून १,७०० मागवले. आपण ब्रासमध्ये बोलतो, अमेरिकेत शिंगल्स 'स्क्वेअर'मध्ये मोजतात. तोही शंभर चौरस फुटांचाच असतो. छपरीचा उतार मात्र फुटाला दीडच इंच भरला. २ इंचांखाली शिंगल्स लावायच्याच नसतात, आणि २ ते ४ इंचांत कागद दुहेरी घालावा लागतो. पाणी सावकाश उतरतं आणि सांध्यात मागे चढतं. म्हणून छपरीवर पत्रा घातला. एकसारखं दिसावं म्हणून तिथेही शिंगल्सच लावा, असा घरातून आग्रह होता. तो मोडावा लागला.

कागदपत्रांना डिसेंबर लागला. छपराची उंची, आकार, उतार काहीच बदलणार नव्हतं, तरीही महापालिकेच्या झोन कार्यालयात लेखी कळवायचं ठरवलं. ४ डिसेंबरला साधा अर्ज, मालमत्ता कराची चालू पावती, जुन्या छपराचे चारही बाजूंचे फोटो आणि बांधकामात बदल नसल्याचं निवेदन दिलं. दुसऱ्या खेपेला इंजिनिअरचं पत्र मागितलं, तिसऱ्या खेपेला सहहिस्सेदारांची संमती. २७ डिसेंबरला काम संपलं. अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या दोन्ही खेपांना तीच उपयोगी पडली. घर वारसा यादीत असेल तर हेरिटेज समितीचा वेगळा टप्पा येतो, तो आधी तपासून घ्या. विजेची सर्व्हिस वायर त्रिकोणी भिंतीला बांधलेली होती. ती तात्पुरती खांबावर हलवायचा अर्ज २० जानेवारीला दिला, काम ८ फेब्रुवारीला झालं. हा अर्ज महिनाभर आधी द्यावा.

माल निवडताना तीन ठिकाणी अडलं. पहिलं, साधी तीन पाकळ्यांची शिंगल की दुहेरी थराची. दुहेरी महाग, पण वाऱ्याला जास्त टिकते आणि जुन्या वाशांवर पाटणी कितीही सरळ केली तरी राहणारी लहर तिच्यात दिसत नाही. दुहेरी घेतली. दुसरं, रंग. विक्रेत्याचा काळ्यासाठी हट्ट होता, डाग दिसत नाहीत म्हणून. काळी शिंगल नव्वद टक्क्यांवर ऊन पिते. पत्रकावर परावर्तन (ऊन परत फेकण्याचं प्रमाण) ०.२५ किंवा जास्त लिहिलेला फिकट राखाडी रंग मागवला. तो गोदामात नव्हता म्हणून ३ जानेवारीला आगाऊ रक्कम देऊन ७ फेब्रुवारीपर्यंत पाच आठवडे थांबावं लागलं. थांबलो ते बरं झालं. तिसरं, प्लायवूड. वाशांत दोन फुटांचं अंतर असल्याने १२ मिलिमीटर चालणार नव्हतं, पाय पडला की वाकतं. लकडगंजातून १८ मिलिमीटरचं, आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) छाप असलेलं, आठ बाय चारचे ५३ तक्ते आणले. छाप प्रत्येक तक्त्यावर बघून घ्या. भाव विचारताना १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, हेही आधीच विचारा.

१० फेब्रुवारीला कवेलू उतरवायला सुरुवात झाली. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे उतरवतात, एक बाजू आधी रिकामी केली तर कैचीवर वजन एकीकडे पडतं. १३ तारखेला घराच्या डोक्यावर फक्त आभाळ होतं. त्या रात्री झोप लागली नाही. ताडपत्र्या चोवीस तास हाताशी ठेवल्या होत्या; फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारा केव्हा येतील सांगता येत नाही.

आता वजनाचा धोका. ब्रासला साधारण दीडशे कवेलू, अडीच किलोचा एक, म्हणजे पावणेसहा टनांच्या आसपास ओझं त्या वाशांवर होतं. प्लायवूड आणि शिंगल्स मिळून साडेतीन टनही भरत नाही. वाशांवरचा भार हलका झाला हे चांगलंच. पण जुने वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतात, त्यांना जागेवर धरतं ते कवेलूंचं वजन. ते काढलं की मेमधल्या वादळाला अख्खं छप्पर खालून उचलायची संधी मिळते, तेही आता सलग पाटणीचं, वाऱ्याला फटी नसलेलं. म्हणून प्रत्येक वाशाला जस्ताच्या मुलाम्याची लोखंडी पट्टी, खाली भिंतीत अँकर बोल्ट. दोन्ही बाजू मिळून ४२ पट्ट्या लागल्या. मी पाहिलेल्या एकाही अंदाजपत्रकात हा खर्च नव्हता. तुम्ही लिहून घ्या.

वासे उघडे झाल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. भिंतीच्या माथ्यावर, दोन वाशांच्या मधल्या प्रत्येक खणात वीट-चुन्याची भर होती. तशीच राहिली असती तर वळचणीला कितीही पट्ट्या लावल्या तरी हवा भिंतीपाशीच थांबली असती. प्रत्येक खणात वरची दोन इंच भर फोडून काढली. वाळवीने पोखरलेले सहा वासे बदलले, उरलेल्यांवर वाळवीनाशक मारलं. लाकूडकाम २० तारखेपर्यंत चाललं.

पाटणीत दोन तक्त्यांमध्ये ३ मिलिमीटर फट सोडायची. पावसाळ्यात प्लाय फुगतं, फट नसेल तर सांधा वर उचलतो आणि ती रेघ शिंगलवर उमटते. खिळा मध्ये धरून फट मोजत गेले. आढ्यावर मात्र सुताराने सवयीने तक्ते टोकाला टोक भिडवले, म्हणजे रिज व्हेंटखालची हवेची फटच बुजली. मग खडूची दोरी मारून, कटरचं पातं बरोबर १८ मिलिमीटरला बसवून, आढ्याच्या पाटाच्या दोन्ही अंगांना एक-एक इंच कापून काढलं. पातं खोल गेलं असतं तर आढ्याचा सागवानी पाट चिरला असता.

वळचणीच्या काठाला पत्र्याची पट्टी आधी आणि कागद तिच्यावर. त्रिकोणी भिंतीच्या काठाला उलट, कागद आधी, पट्टी त्याच्यावर. हे उलटं झालं की पाणी कागदाखाली शिरतं. कागद खालून वर घालत आणायचा, आडव्या सांध्याला चार इंच आणि उभ्याला सहा इंच चढवायचा.

१ मार्चला शिंगल्स सुरू झाल्या. काम सकाळी साडेसहा ते अकरा आणि चारनंतर. दुपारी डांबर मऊ असतं, त्यावर चाललं की दाणे सुटतात. गठ्ठे सावलीत, आडवे ठेवायचे. तिसऱ्या दिवशी वर चढून पाहिलं तर सहा ओळींत खिळे शिंगलवर खिळ्यांसाठी रंगवलेल्या रेघेच्या दीड इंच वर मारलेले. बोटाने कड उचलली, सहज उचलली गेली. रेघेवर मारलेला खिळा शिंगलच्या दोन्ही थरांतून आणि खालच्या ओळीच्या माथ्यातून जातो, म्हणजे एका खिळ्यावर दोन ओळी टिकतात. वर मारला की खालची ओळ सुटी राहते आणि दुहेरी थरातला पुढचा थर फक्त शिंगलवरच्या तयार चिकटपट्टीवर लटकतो. सहाही ओळी काढून पुन्हा घातल्या, त्यात एक दिवस आणि एक गठ्ठा गेला. शिंगलला चार खिळे पुरतात, वादळाच्या भागात सहा. आम्ही सहा मारले, साडेसहा हजारांवर गेले. खिळ्याचं डोकं शिंगलच्या बरोबरीला बसलं पाहिजे. रुतलं तर थर फाटतो, वर राहिलं तर वरची शिंगल चिकटत नाही. चिकटपट्टीवर धूळ बसली तरी तेच होतं, म्हणून वारा सुटला की काम थांबवायचो.

रिज व्हेंट १० आणि ११ मार्चला बसला. वाऱ्याचं पाणी अडवणारी बाहेरची कड असलेलाच घ्यावा. वानरांमुळे खिळ्यांऐवजी स्टेनलेसचे स्क्रू वापरले. १३ ला होळी, कामगार गावाला गेले, १८ ला परतले.

उरलं होतं आतलं काम, आणि खोलीतला गारवा खरं तर यावरच ठरतो. नुसत्या हवेने माळा थंड होत नाही. तापलेली पाटणी खाली उष्णता फेकत राहते, ती अडवायला लागते. वाशांच्या खालच्या अंगाला चकचकीत फॉइल ताणली, चकाकी खाली करून, वर ठेवली तर धूळ बसून निकामी होते. वळचणीपाशी ती मोकळी आणि आढ्याच्या सहा इंच अलीकडे थांबवलेली, म्हणजे फॉइल आणि पाटणीमधून हवा वर सरकते. तक्तपोशीवर ५० मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारा दगडी तंतूंचा थर. ते पसरताना पोरांनी थेट वळचणीपर्यंत कोंबलं आणि फोडून मोकळ्या केलेल्या खणांची तोंडं पुन्हा बंद झाली. प्रत्येक खणात प्लायची आडवी पट्टी ठोकून रॉकवूल मागे थोपवलं. न्हाणीघराच्या पंख्याचा पाइप माळ्यात सोडला असेल तर तो छपराबाहेर काढा. डिसेंबरच्या थंडीत गीझरची वाफ गार पाटणीवर पाणी होऊन बसते.

हवा खरोखर चालते का, याची परीक्षा २१ मार्चच्या दुपारी उदबत्तीवर घेतली. माळ्याचं झाकण लावून शिडीवरून वळचणीच्या पट्टीखाली उदबत्ती धरली. धूर आधी सरळ वर गेला, मग वाकून भोकांत शिरला. तीस जागी धरली, दोन जागी धूर बाहेरच रेंगाळला. रंगाऱ्याने तिथल्या भोकांत रंग भरला होता. दाभणाने मोकळी केली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर ४४ अंश असताना दुपारी तीनला माळ्यात ५० होते. आदल्या वर्षी कवेलूंखाली तेवढ्याच उन्हात ४७ मोजले होते. म्हणजे माळा कवेलूंपेक्षा गरमच आहे. पण तक्तपोशीचा खालचा भाग ४२ वरून ३८ वर आला, आणि रात्री दहानंतर छत पूर्वीसारखं भाजत नाही. ज्यांना फॉइल आणि रॉकवूलचा खर्च टाळायचा आहे त्यांनी हे आकडे दोनदा वाचावेत.

एकूण खर्च साधारण ७,२१,००० झाला: प्लायवूड १,८३,०००, शिंगल्स १,७८,५००, मजुरी १,०८,०००, लाकूडकाम आणि पट्ट्या ६२,०००, फॉइल आणि रॉकवूल ३३,६००, रिज व्हेंट २६,०००, उरलेलं कागद, पत्र्याच्या पट्ट्या, परांची आणि कवेलू उतरवण्यात गेलं. १,९०० धड कवेलू आठ रुपयांनी विकले गेले, ते १५,२०० आले. मलबा उचलायची जबाबदारी करारात लिहून घ्या.

मजुरीतले दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवायचं मिस्त्रीशी आधीच बोलणं झालं होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात संततधार लागली तेव्हा तो स्वतःच आला, टॉर्च घेऊन माळ्यावर चढला, आढ्याखालच्या रॉकवूलवर तळहात टेकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. कोरडं होतं. १४ जुलैला त्याचे उरलेले पैसे दिले. शिंगल्सचा एक उरलेला गठ्ठा माळ्याच्या झाकणाशेजारी आडवा ठेवला आहे.